सुंदरबाई आणि नारंगी पंप

सुंदरबाईंशी वाद घालायला आमच्या गावात कुणी धजत नाही. त्या शाळेच्या फाटकात दिसल्या की हेडमास्तर उगाच फोन कानाला लावतात. यावल तालुक्यातलं हे केळीचं गाव. सुंदरबाईंची चार एकर बाग, पण त्यांच्या लेकीला, भाविकाला, घरात केळं मिळत नाही. का, तर केळं थंड, कफ होतो. भाविका अकरा वर्षांची, दमा तिसऱ्या वर्षापासून. एकदा तिचे ओठ निळे पडले, तेव्हा सुंदरबाईंनी तिला केळीच्या ट्रकमध्ये घालून जळगाव गाठलं होतं. तेव्हापासून पोरीनं धावायचं नाही, हा त्यांचा कायदा.

आणि त्या कायद्याचा हवालदार मी, वर्गशिक्षक. खेळाच्या तासाला मी भाविकाला निंबाखाली बसवायचो, सगळ्यांच्या चपला राखायला. काही झालं तर निस्तरणार कोण? हे सांगताना आज स्वतःचाच राग येतो.

जानेवारीत जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पोरीला खेळू द्या, बसून राहिली तर आणखी लवकर धाप लागेल. श्वासातून घ्यायचा नारंगी पंप रोज दोन वेळा, निळा धावण्याआधी आणि त्रास झाला तर. भाविकानं आईमागे दोन महिने भुणभुण लावली. मार्चमध्ये एकदाच्या सुंदरबाई तिला घेऊन मैदानावर आल्या, हातात औषधांची पिशवी.

"एकच चक्कर," त्या म्हणाल्या. "काही झालं तं जिंदगीत पुन्हा मैदान नाही. समजलं व?"

भाविकानं मान हलवली. निळा पंप घेतला, पंधरा मिनिटं कशीबशी थांबली आणि सुटली.

अर्धी फेरी झकास गेली. मग झेंड्याच्या खांबापाशी ती वाकली ती वर येईना. मी पोचलो तेव्हा तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि दर श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता.

"सांगत होती मी! मारली माही पोर!" सुंदरबाईंनी माझा उद्धार केला. मी गोळा झालेल्या पोरांना हाकललं, भाविकाला ताठ बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"निळ्या पंपाला औषध नीट ओढायचं ते प्लास्टिकचं नळकांडं लावून द्या. एकदा दाबा, चार-पाच श्वास घेऊ द्या, मग पुन्हा. असं चारदा. आणि गाडी तयार ठेवा."

सुंदरबाईंनी पंप दाबला. एक. दोन. तीन. चार. हेडमास्तरांनी गाडी सुरू केली. आम्ही तिच्या छातीकडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली, सात गेली, तेव्हा कुठे शिट्टी बारीक झाली.

"तिला एक पूर्ण वाक्य बोलायला सांगा," फोनवरून आवाज आला.

भाविका म्हणाली, "मले मैदान सोडायचं नाही."

"छान. आता नारंगी पंपाच्या खिडकीतला उरलेल्या मात्रांचा आकडा वाचा."

मी पिशवीतून तो काढला. अगदी नवाकोरा दिसत होता. "एकशे चौदा."

"तो एकशे वीसचा असतो. दोन महिन्यांत सहाच वेळा दाबला?"

"त्रास झाला तव्हा देला," सुंदरबाई फणकारल्या. "रोज देला तं सवय लागते पंपाची!"

"ताई, सवय लागत नाही. त्रास होऊच नये म्हणून तो रोज द्यायचा. तो रोज छातीत गेला असता, तर आज ही वेळ आली नसती. आता तिला इकडे आणा, तपासते. नीट घेतला तर ही पोर खो-खो खेळेल."

दोन महिन्यांत तो पंप रोज देता का, एवढं विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. मास्तर म्हणे!

भाविकानं आईकडे पाहिलं. "मम्मी, म्हणजे मी धावली म्हून नाही झालं?"

सुंदरबाईंनी जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केलेली नव्हती. "नाही व माय," त्या शेवटी म्हणाल्या, "माह्यामुळे झालं."

भाविका हसली. घामानं भिजलेली, अजून धापा टाकत असलेली ती पोर तोंडभर हसली. आईच्या चुकीनं एवढं सुखावलेलं लेकरू मी दुसरं पाहिलेलं नाही.