पेरू तळायचा होता, झापं जाळायची नव्हती

मंडळी, वाचनालयाच्या दारावर हा कागद मीच चिकटवलाय. गावभर उलटसुलट बोलणं होण्याआधी आज दुपारचं माझ्याकडून ऐका.

साहेबाच्या बंगल्यावरून गोव्याच्या बटलरचा निरोप आला, "चाचा, पेरू तळायला या." मी लहान कढई घेऊन गेलो. बघतो तर फळ नव्हे, करडाएवढा पक्षी! टर्कीला गोव्याकडचे लोक पेरू म्हणतात.

अवकाळी पावसानं भट्टीत पाणी शिरलेलं, म्हणून तो अख्खा तेलात तळायचा. बटलर म्हणाला, "नोकरांच्या बिऱ्हाडांपुढे झापांचा मांडव आहे, त्याखाली चूल मांडा."

मी म्हटलं, नाही. वीस वर्षं आगबोटीवर तळण केलंय. कढत तेलात पाणी पडलं की भडका उडतो. वर माडाची सुकी झापं, मागे पोरंबाळं. पाऊस थांबू दे, पक्षी पंच्यानं कोरडा पुसतो आणि उघड्यावर तळतो.

साहेब स्वतः बाहेर आला. "अभी तलो! हुकूम है!"

"साहेब, हुकूम मी ऐकेन, तेल ऐकणार नाही."

तासाभरानं पाऊस थांबला. आवाराच्या मधोमध मोठं तपेलं चढवलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि पक्षी दोरीनं हळूहळू सोडला. साहेबानं चाटूनपुसून खाल्ला. वर मला सांगितलं, पुन्हा बंगल्यावर येऊ नको.

नाही जाणार! झापं जाग्यावर आहेत ना?

तुमचं बिऱ्हाड त्या मांडवामागे असतं, तर तुम्ही मला काय सांगितलं असतं? खाली पेन्सिलीनं लिहा. नावासकट.