तांब्याचा हंडा आणि समुद्रातली पाहुणी

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली ती माझ्या नवऱ्याच्या हौसेपायी. हौस त्याची आणि काचा पुसायच्या मी, ही वाटणी पहिल्याच आठवड्यात झाली. सोलापुरात बसून समुद्र पाळायचा तर शिस्त हवी. मी टाकीशेजारी भिंतीवर यादी चिकटवली: खारटपणा, तापमान, खाणं, आणि उन्हाने उडालेल्या पाण्याच्या जागी आरओ मशीनचं पाणी.

हे शेवटचं काम मी सासऱ्यांना दिलं. अण्णांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, तरी ते वेळ पाळतात. शिवाय टाकीतल्या लाल पट्ट्यांच्या कोळंबीवर त्यांचा जीव. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं की ती येऊन त्यांचं नख साफ करायची. "या घरात एवढी सेवा कुनी केली न्हाय," असं ते मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे.

मग एके दिवशी टाकीतल्या गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. चार दिवसांत तीन मेल्या. मासे मात्र मजेत. कोळंबी दगडाआड पडून राहिली, अण्णांच्या बोटाकडेही फिरकेना. मी यादी काढून ओळीने तपासलं. खारटपणा ठीक, तापमान ठीक, अमोनिया नाही.

मासेवाल्या दुकानदाराकडे प्रत्येक दुखण्याला एक बाटली असते. त्याने ती काढली. मी वाचलं: यात तांबं आहे, शंख-कोळंबी असल्यास वापरू नये.

"माझ्याकडे कोळंबी आहे," मी म्हटलं.

"मग कोळंबी काढून टाका ना मॅडम."

बाटली तिथेच ठेवली, पण मुद्दा डोक्यात घेऊन आले. तांबं तपासायचे थेंब आणले. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन ते टाकले, तर पाणी निळं झालं, म्हणजे तांबं होतं. आता तांबं आलं कुठून? पंप उघडला, दिव्याचे स्क्रू पाहिले, जाळीचा दांडा तपासला. सगळं प्लॅस्टिक नाहीतर स्टील. नवरा सोफ्यावरून म्हणाला, "समुद्रात असतंच की थोडं." त्याला मी यादीत धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर अण्णा चिंचेने घासून लखलखीत केलेल्या हंड्यातून टाकीसाठी जग भरत होते. हंडा तांब्याचा.

"अण्णा, मशीनचं पाणी घालायचं ठरलं होतं."

"मशीनचंच हाय की. रातभर हंड्यात ठेवतो. मशीनचं पाणी मेलेलं असतंय, तांब्यानं त्यात जीव येतो."

"किती दिवस?"

"तुझी यादी लागली तवापासनं. एक दिवस चुकवला न्हाय."

ते खरंच होतं. दोष हंड्याचा नव्हता, नेमाचा होता. मी त्यांना थेंब टाकून निळं पाणी दाखवलं.

"मी सत्तर वर्षं हेच पितोय," ते म्हणाले.

"तुम्हाला कणा आहे, अण्णा. कोळंबीला नाही. बिनकण्याच्या जिवांना तांबं सोसत नाही."

त्यांनी सोफ्याकडे नजर टाकली. "ह्यो बी तेच पितोय. जगलाय की."

मी कोळंबीला नव्या मिठाच्या पाण्याच्या प्लॅस्टिक बादलीत हलवलं, हवेची नळी सोडली. टाकीत तांबं शोषणारी गादी बसवली. ती दोन दिवसांत हिरवट-निळी झाली. पाणी बदललं, पुन्हा बदललं. दगडांनी प्यायलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे थेंब टाकला की फिकट निळी झाक येतच राहिली. यादी दुप्पट लांब झाली.

अण्णा बादलीशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. बोट बुडवत नव्हते. मी सांगितलं नव्हतं, तरी.

दहाव्या दिवशी त्यांनी हाक मारली. "हितं ये. मेली बग."

तळाशी पांढरी, पोकळ कोळंबी पडली होती. मी वाकून पाहिलं. नळीमागे दुसरी उभी होती, लाल आणि ताजीतवानी, मिशा हलवत.

"मेली नाही. कात टाकली. वाढतेय."

अण्णांनी बोट पाण्यात घातलं. थोड्या वेळाने ती आली आणि नखाला लागली. ते तिच्याकडे बघत, जरा नाराजीनेच म्हणाले, "मेलेल्या पाण्यात कशी काय वाढली म्हनावं."

मी यादीत खूण केली आणि हंडा उचलून माळ्यावर ठेवला. दुपारी तो पुन्हा ओट्यावर होता, त्यांच्या पिण्यासाठी. शेजारी प्लॅस्टिकचा जग, त्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं: पाहुणीचा.