मुंबईची खास किसणी

मी जळगावच्या पोस्टात पार्सल-मनिऑर्डरच्या खिडकीवर होतो, तेव्हा एक गृहस्थ रोज अकराच्या सुमारास यायचा. समोरच्या भांड्यांच्या दुकानातून किसण्या आणायचा, माझ्या खिडकीशी उभा राहून अंगठ्याच्या नखानं किमतीची चिठ्ठी खरवडायचा आणि त्याच जागी 'मुंबईची खास' असा छापील कागद चिकटवायचा. मासिकात जाहिरात द्यायचा, खाली कुठल्याशा कंपनीचं नाव. आठ रुपयांची किसणी व्ही.पी.नं, म्हणजे पार्सल हातात पडताना पैसे मोजायचे अशा बोलीनं, खेड्यात तीस रुपयांना जायची. वर मला ऐकवायचा, "भाऊ, मी कोणाच्या दारात जातो का? लोकच मागवतात." एवढं बोलून जिभेनं तिकीट ओलं करायचा आणि पार्सलवर थापायचा. ती जीभ बघून मला शिसारी यायची.

दिवाळीच्या तोंडावर एका पार्सलवर शिंदखेड्याचा पत्ता दिसला. त्याची भाऊबीजेची मनिऑर्डर दरवर्षी तिथंच जायची, म्हणून मला तो पत्ता पाठ होता.

"अहो, ही तर तुमची अक्का!"

"हो ना. जाहिरात वाचून मागवली तिनं." तो खुशीत हसला. "तिले काय माहीत, कंपनी मीच शे!"

"मग तिला तरी फुकट द्या की."

"धंद्यात नातं आणून कसं चालेल?" म्हणत त्यानं तिकीट थापलं. पार्सल तीस रुपयांनाच गेलं.

दोन दिवसांनी तो भाऊबीजेची मनिऑर्डर घेऊन आला, अकरा रुपयांची. शिक्का मारता मारता खालचा संदेश माझ्या नजरेस पडला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "अक्का, हल्ली फसवणारे फार झालेत. जपून राहा."