खाटेची भिंतीकडची बाजू

त्या वॉर्डातली खाट भिंतीपासून ओढून घेतली ती मी. फरशीवर लोखंडी पाय घासले, सिस्टर ओरडल्या, शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले. मी थांबले नाही. थांबून विचार करण्याइतकं त्राण अंगात नव्हतं. सुचलं ते उरकून टाकायचं, एवढंच उरलं होतं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत साचेकामावर होते. थंडीत न्यूमोनिया झाला. ताप उतरला म्हणेपर्यंत पुन्हा चढला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं आणि त्या पाण्याचा पू. डॉक्टरांनी उजवीकडून बरगड्यांमधून रबरी नळी घातली आणि तिचं टोक खाटेखालच्या बाटलीत सोडलं. सुरुवातीला यायचं ते आलं, मग नळी नुसतीच लोंबत राहिली.

"आत गोठलंय," डॉक्टर म्हणाले. "पुवानं जाळी धरली आहे. नळीतून औषध सोडून बघू. एन्झाइम असतं ते. पोटातला पाचक रस जेवण विरघळवतो ना, तसं हे जाळी विरघळवेल. नाहीच जमलं तर मिरजेला जायचं. तिथे बरगडी काढून आतलं सोलावं लागेल."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. साचेकाम म्हणजे वाळूनं भरलेल्या पेट्या उचलणं. बरगडी काढलेला माणूस त्या उचलणार नव्हता आणि दुसरं काम यांना येत नव्हतं.

औषध मुंबईहून बर्फात घालून आलं. तीन कुप्या मिळाल्या. चौथी मिळेल असं कोणी सांगेना. सूचना मी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतल्या: औषध सोडलं की नळीला चिमटा लावायचा. चिमटा काढेपर्यंत पेशंटनं वळत राहायचं. डावी कूस, उताणं, उजवी कूस, पालथं. औषध आत सगळीकडे फिरलं पाहिजे.

मी शाळेत शिकवायचे. सकाळी स्वयंपाक, डबा, दवाखाना, मग शाळा, परत दवाखाना. दुपारी मी नसताना नणंद बसायची आणि औषध नेमकं दुपारीच सोडायचे. पहिल्या कुपीनंतर यांना हुडहुडी भरून ताप आला. औषधानं असा ताप येतो म्हणाले. बाटलीत मात्र तळाला थोडंसं. दुसऱ्या कुपीच्या दिवशी मुलांच्या खेळांच्या स्पर्धा होत्या, मला लवकर निघता आलं. मी वॉर्डात पाऊल टाकलं आणि दारातच थबकले.

खाट उजव्या बाजूनं भिंतीला टेकलेली. डावीकडे, दाराच्या बाजूला, बाकावर मुरगूडचे थोरले काका, म्हणजे माझे चुलत सासरे, फेटा मांडीवर घेऊन बसलेले. त्यांच्यामागे गावाकडची आणखी माणसं उभी. आणि हे उशांना टेकून, पाय पोटाशी घेऊन, ताठ बसलेले. नळीला चिमटा तसाच.

"वळला होता का?" मी विचारलं.

"वळलो की."

"भिंतीकडं?"

यांनी काकांकडे पाहिलं. नणंद म्हणाली, "भिंतीकडं कसा वळंल? काका बसल्यात म्होरं. त्यांच्याकडं पाठ करून झोपतोय व्हय?"

"आणि पालथं?"

"वैनी, पावणं आल्यात. पालथं कशाला झोपंल?"

काकांनी मान डोलावली. "पोरगं गुणाचं हाय. मी यस्टीतनं उतरून आलतो तवापासनं बसूनच हाय बिचारं."

औषध बिचारं सगळा वेळ तळाशी साचून राहिलं होतं. डॉक्टरांनी संध्याकाळी बाटली पाहिली, छातीचा फोटो पाहिला. "आता एकच कुपी. मग मिरज."

येऊ नका म्हणायची सोय नव्हती. आजाऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्याला परत पाठवलं असतं तर ते बोलणं मुरगूडला आमच्या आधी पोचलं असतं, आणि हे तर अंथरुणातून उठून त्यांना सोडायला गेले असते. सिस्टर ओरडल्या की माणसं व्हरांड्यात जायची आणि दुसऱ्या दारानं आत यायची. तेव्हा माणसं तशीच राहणार, हे धरूनच सगळं बसवायचं होतं.

तिसऱ्या कुपीला मी रजा घेतली. खाट ओढली. भिंतीकडे बाक जाईल एवढी जागा केली आणि तो तिथे सरकवला. घरून दोन वाकळा आणल्या होत्या. त्यांच्या गुंडाळ्या करून यांच्या उजव्या कुशीखाली अशा ठेवल्या की मध्ये पोकळी राहील आणि नळी दबणार नाही. औषध सोडलं, चिमटा लागला. काका आले.

"काका, भिंतीकडच्या बाकावर बसा."

"का गं? हितं वारं हाय की."

"तिकडं बसा. यांना तुमच्याकडं तोंड करायचंय."

ते बसले. हे वेदनेनं ओठ चावत उजव्या कुशीवर वळले. नळीच्या बाजूला पहिल्यांदाच. काकांनी उसाची लागण, म्हशीचं वेत, कुणाची सोयरीक, सगळं सांगितलं. मग मी म्हटलं, "आता दाराकडं या."

"आत्ताच बसलोय की."

"या."

ते उठले. हे वळले. मग उताणं करायला काकांना पायथ्याशी उभं केलं. पालथं झोपायला हे तयार होईनात, तेव्हा उशी पायथ्याकडे टाकली, काकांना जमिनीवर वाकळेवर बसवलं आणि यांचं तोंड खाटेच्या कडेला आणलं. दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"बाळा," काका म्हणाले, "दंडवत घालतोस काय?"

हे हसले आणि हसता हसता खोकले. एवढं खोकताना मी यांना कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, "हसू नगंस, नळी निसटंल." आणि परत उठून भिंतीकडे गेले, मी न सांगता.

हुडहुडी याही वेळी भरली. चिमटा काढला तेव्हा मी बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते. बसल्या बसल्या डोळा लागला. नणंदेनं दंड हलवला. "वैनी, उठ की. बाटली बघ."

बाटलीत पातळ, पिवळं, गुठळ्यांचं पाणी चढत होतं. सिस्टर दुसरी बाटली आणायला गेल्या होत्या. मी पाहिलं, बरं म्हटलं आणि वाकळांच्या घड्या करायला घेतल्या.

मिरजेला जावं लागलं नाही. वळण्यानं झालं की तिन्ही कुप्या मिळून झालं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. हे पुढे फाउंड्रीत परत गेले, पेट्या उचलू लागले, धाप थोडी लागायची ती लागतच राहिली. काकांनी मुरगूडमध्ये सगळ्यांना सांगितलं, सुनेनं मला खाटेभोवती प्रदक्षिणा घालायला लावल्या. तक्रारीच्या सुरात सांगायचे.

काही वर्षांनी ते स्वतः आजारी पडले. आम्ही भेटायला गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आमची चाहूल लागताच वळायला धडपडू लागले. यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. मी खाटेचं एक टोक धरलं, यांनी दुसरं.