नऊ नंबरचा ओटा

सकाळपासून कुसाबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा समोर गार झाला. आज घरांच्या चिठ्ठ्या निघणार होत्या आणि तिला नऊ नंबरचंच घर हवं होतं.

हवं होतं, पण बोलायची सोय नव्हती! नियम तिचाच. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या आणि नाशकात भाड्याच्या पत्र्याखाली वर्षं काढलेल्या वीस कुटुंबांनी गृहनिर्माण संस्था काढली, पेठ रोडला जमीन घेतली. गवंडी, बिगारी सगळे घरचेच. तेव्हा सचिव म्हणून हीच बाई सभेत कडाडली होती, "कुनाचं घर कंचं, ते सगळी उभी राहिल्यावर चिठ्ठीनं ठरंल. म्हंजे कुनी आपलीच भिंत तेवढी चांगली बांधनार नाय. आन् अदलाबदल बंद! आज अदलाबदल, उद्या वर पैसे, परवा बाहेरचा शेठ आत." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता घ्या!

नऊ नंबरात असं होतं तरी काय? ओटा होता. कुसाबाई उंचीनं इतकी कमी, की भाड्याच्या खोलीत विटेवर उभी राहून भाकरी भाजायची. एकदा वीट सरकली आणि कोपरापर्यंत हात भाजला. नवरा सोमा गवंडी. नव्या घरांची कामं उरकत आली होती तेव्हा ती त्याचा डबा घेऊन नऊ नंबरात गेली, तर पठ्ठ्यानं तिला ओट्यापाशी उभं केलं. "टेक हात." हात सरळ टेकले. सोमा मिशीत हसला आणि डबा उघडून बसला. पुढच्या महिन्यात छातीत कळ आली आणि माणूस गेला. त्यानंतर ती ऑफिसांच्या चकरा मारत राहिली. घरांच्या आत जाऊन बघायचा तिला धीरच झाला नाही.

मंडपात चिठ्ठ्यांची घागर आली. सचिवानं शेवटी घ्यायची म्हणून ती बाजूला उभी. रंगनाथनं चिठ्ठी उघडली, चार. तिचा श्वास सुटला. सुलाबाईची निघाली, सोळा. पुन्हा सुटला. देवा, नऊ राहू दे रे, एवढं एकच राहू दे! लखननं हात घातला. सोमाच्या हाताखाली शिकलेला हा गडी.

"नऊ," लखन म्हणाला.

तळाला उरलेली चिठ्ठी तिची. सतरा. अक्षर दिसेना, इतके डोळे भरले. लखनला तिचा चेहरा वाचता आला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "वयनी, तुमी घ्या नऊ. माझं काय, कुठंबी चालंल."

कुसाबाईनं एकदा नऊ नंबराकडे बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं. सगळा मंडप तिच्याकडे बघत होता.

"नाय," तिचा आवाज फाटला. "एकदा सैल सोडलं की गेलं."

किल्ली घेऊन ती सतराकडे निघाली. पाय ओढत, सोमाची माफी मागत. तोच शेजारच्या सोळातून उंचीपुरी सुलाबाई तणतणत बाहेर आली.

"ओ सचिवबाई! ह्यो काय ओटा हाय? चार भाकरीत कंबर मोडंल माझी! तुमच्या सोमाला टेप धरता येत नव्हती का?"

"आमचाबी तसाच हाय!" समोरच्या चार नंबरातून रंगनाथची बायको ओरडली.

"म्यां लय सांगितलं," मागून आलेला लखन म्हणाला, "पर वस्ताद ऐकायचाच नाय. सगळे ओटे येकाच मापाचे बांधले."

कुसाबाई थिजली. मग तिनं घाईनं सतराचं कुलूप काढलं. दार ढकलून ती ओट्यापाशी गेली आणि हात टेकले. सरळ टेकले.

तिला कोणतं घर निघेल, हे सोमाला तरी कुठं माहीत होतं?

बाहेर सुलाबाई अजून भांडतच होती, वर एक थर चढवून द्या म्हणून. "देते गं बाई, सगळ्यांना देते," कुसाबाई आतून म्हणाली आणि ओट्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.