माझ्या खांद्याएवढी पेंढी

मिलमधला माणूस सांगायला आला तेव्हा मी दाराआडूनच ऐकलं. परक्या माणसाशी मी नेहमी तशीच बोलते, अर्धं दार लोटून. "वैनी, अण्णांना सिव्हिलात नेलंय," तो म्हणाला, आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. आमचे हे गेले होते. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, केवढा माणूस, मिलमधला साधा फिटर आणि सगळ्या देशासाठी जपानी तिरंदाजीचा महासंघ काढला. मी मान हलवते. तो महासंघ कुणामुळे मोडला हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणून ही वही घेतली आहे. मी चौथीपर्यंतच शिकले, लिहिण्यात चुका असतील.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी मिलमध्ये नवी यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनिअर आले होते. हे त्यांच्या हाताखाली होते. ते गृहस्थ रोज सकाळी गोदामामागे धनुष्य घेऊन उभे राहत. यांनी आधी लांबून पाहिलं, मग बाण वेचून दिले, मग हळूहळू शिकले. काम संपलं तेव्हा ते गृहस्थ आपलं धनुष्य यांना देऊन गेले. माझ्यापेक्षा दीड हात उंच, आणि मूठ मधोमध नाही, खालच्या अंगाला. आमच्या खोलीत ते सरळ उभं राहीना, म्हणून कोपऱ्यात तिरकं ठेवलं. जपानात निशाण भाताच्या पेंढ्याचं करतात म्हणे. आमच्याकडे भात कुठला... यांनी ज्वारीच्या कडब्याची पेंढी आवळून बांधली आणि परसातल्या खांबाला लावली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कमळाबाईंच्या म्हशीनं ती खाल्ली. कमळाबाई नळावर सगळ्यांना सांगत होत्या, "जपानी निशाण माज्या म्हशीला लई गोड लागलं की. आन रामानं निदान धनुष्य मोडलं तरी, हिच्या नवऱ्यानं नुस्तं तिरकं ठेवलंय." बायका हसल्या. मीही हसले आणि घागर भरायच्या आधीच घरी आले.

महासंघ यांनी आणि बिराजदार मास्तरांनी मिळून काढला. मास्तर मैंदर्गीचे, इथल्या शाळेत ड्रिल शिकवायचे. दोघं रविवारी एसटीनं निघत. कंडक्टर म्हणे, "अण्णा, ही झेंड्याची काठी टपावर टाका." मग हे उतरायचं गाव येईपर्यंत खिडकीतून मान काढून टपाकडे बघत बसत. मंगळवेढ्याला शाळेत वर्ग सुरू झाला, मग अकलूजला. मास्तरांच्या कानडी पाहुण्यांनी गुलबर्ग्याला एक शाखा काढली, आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरानं हैदराबादच्या भावाला गळ घातली. तीन राज्यं झाली. पाकिटांना खळ लावायचं काम माझं. दिल्लीच्या सरकारची मान्यता मिळाली तर देशाचे सामने भरतील, मुलांना सर्टिफिकेट मिळेल, जपानहून शिकवायला माणूस येईल, असं हे जेवताना सांगत. तेव्हा ताटातली भाकरी तशीच राहायची.

यांची पहिली विद्यार्थिनी मी होते. हे गल्लीत कुणाला ठाऊक नाही. दुपारी गल्ली झोपली की परसाचं दार लावून हे मला शिकवत. पाय कुठे, खांदा कसा, धनुष्य डोक्यावर उचलून खाली आणत कसं ओढायचं. पेंढी अगदी जवळ, धनुष्याच्या लांबीएवढ्याच अंतरावर, म्हणजे नेम लागला का याची काळजीच नको. "बाण सुटला की हलू नको," हे म्हणायचे. "हात तसेच ठेव, श्वास खाली बसू दे. बाण सोडताना सगळे सारखेच दिसतात. सोडल्यावर कोण कसा उभा राहतो, ते बघायचं." मला ते उभं राहणं जमायचं. सगळ्या आयुष्यात तेवढ्या वेळापुरती मी कुणाला भीत नसे.

दिल्लीनं तिरंदाजांची यादी मागवली आणि त्यात बायकाही हव्यात असं कळवलं. यांनी मला विचारलं, "तुझं नाव घालू?" मास्तर म्हणाले, "कशाला रे वैनींचं नाव कागदावर? त्यांच्या जिवाला घोर." पण मी हो म्हटलं. मी स्वतः हो म्हटलं होतं. 'सौ. महादेवी, महिला तिरंदाज' असं यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

चौकशीला दिल्लीचे साहेब येणार त्या दिवशी हे सकाळीच स्टेशनवर गेले. साहेब गाडीनं न येता जीपनं परस्पर दारात आले. नळाची वेळ होती, समोर सात-आठ बायका. साहेबांनी कागद काढला आणि मोठ्यानं वाचलं, "ये महादेवी कौन? तिरंदाज?" सगळ्या घागरी थांबल्या. कमळाबाईंनी पदर तोंडाला लावलेला मला दिसला. मी दाराआडून म्हटलं, "इथं कुणी बाई तिरंदाज नाही." साहेबांनी परत विचारलं, "तो ये नाम झूठा है?" मी म्हटलं, "हो." इतकं हळू, की फक्त त्यांनाच ऐकू गेलं. त्यांनी कागदावर रेघ मारली. मी दार लावून घेतलं आणि चुलीपाशी जाऊन बसले.

हे धावतपळत आले. "काय विचारलं?" मी म्हटलं, "काही नाही, शाळेत गेले." साहेब खरंच पुढे शाळेत मास्तरांना भेटले होते. महिन्यानं पत्र आलं. स्थानिक चौकशीत यादीतलं नाव खोटं आढळलं, मान्यता देता येत नाही. यांनी पत्र दोनदा वाचलं. "मास्तर बोलला. त्याला तुझं नाव नकोच होतं." मी पोळपाटावरचं पीठ पुसत होते, ते पुसतच राहिले. दुसऱ्या दिवशी हे शाळेत जाऊन मास्तरांना नको ते बोलले, आणि वीस वर्षांची मैत्री तिथेच तुटली. गुलबर्ग्याची पत्रं बंद झाली, हैदराबादची बंद झाली. मंगळवेढ्याचा वर्ग तेवढा हे शेवटपर्यंत चालवत राहिले. एकटे जायचे. मी धनुष्याला पुन्हा हात लावला नाही. यांनी एकदाच विचारलं, "कंटाळलीस का?" मी हो म्हटलं. तेही खोटंच.

गेल्या सोमवारी मास्तर आले. कोपऱ्यातल्या धनुष्याला वाकून नमस्कार केला आणि चहाला नको म्हणाले. मी पहिल्यांदाच दार पूर्ण उघडं ठेवून, त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "मास्तर, साहेबांना ते मी सांगितलं होतं."

"ठावं हाय, वैनी. साहेबानंच सांगितलं तवा."

"मग यांना बोलला का नाहीत?"

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाटलं, तुमी सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल... मग लई दिस झाले."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी परसात गेले. खांबावर पेंढी आहे. जुनी झडली की हे नवी बांधत, दर दोन-तीन महिन्यांनी, अगदी या संक्रांतीपर्यंत. मला वाटे, यांना सवय आहे. पण त्या पत्रानंतर हे स्वतः सराव मिलच्या गोदामामागे करत, परसात कधीच नाही. त्या दिवशी मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पेंढीजवळ गेले. हे चांगले उंच होते. पेंढी त्यांच्या छातीच्याही खाली येते. दोरीची गाठ बरोबर माझ्या खांद्याशी आहे.

इतकी वर्षं ती माझ्यासाठी बांधलेली होती. यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते आता कुणाला विचारू...

दुपारी मी परसाचं दार उघडं ठेवते. धनुष्य पेलेल असा जोर हातात उरलेला नाही. रिकामेच हात वर उचलते, खाली आणते, सोडते. कमळाबाई भिंतीवरून बघतात. मी हलत नाही. श्वास लवकर खाली बसत नाही, तोवर तशीच उभी राहते.