रेडिओ मोठा करणारा

डोंबिवलीत आमच्या नाक्यावर त्याचा पीसीओ होता. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो कधी बघायचा नाही, फक्त मीटरकडे बघायचा. आणि फोनवर कुणी आवाज खाली आणला, की मागच्या माणसाला काही ऐकू जाऊ नये म्हणून न सांगता रेडिओ मोठा करायचा.

आमची कंपनी नाल्यात ॲसिडचं पाणी सोडते, हे मी तिथूनच एका पेपरला कळवलं. नाव सांगितलं नाही. रेडिओवर तेव्हा कामगारांचा कार्यक्रम कोकलत होता.

पुढच्या वर्षी बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. कुणीतरी मुलाकडे फोन करून तिच्याबद्दल वाटेल ते सांगितलं होतं. "नाव नाही सांगितलं," मुलाचे वडील म्हणाले, "पण मागे रेडिओ नुसता बोंबलत होता."

मी तडक पीसीओवाल्याकडे गेलो. "कोण आलेला, बोल!"

"शेठ, मी तोंडं बघत नाही."

"खोटं बोलतोस. माझ्या बहिणीचं वाटोळं झालं रे!"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "वाईटच झालं. पण तुमच्या कंपनीचे साहेबपण आलेले, पेपरला फोन कोणी केला ते विचारायला. त्यांनापण हेच सांगितलं."

तो बरोबर होता, असं मला आजही म्हणवत नाही. घरचे फोन मी स्टेशनजवळून करायला लागलो. पण पेपरला पुन्हा कळवायची वेळ आली, तेव्हा पाय त्याच्याच बूथकडे वळले. मी आवाज खाली आणला. त्याने रेडिओ मोठा केला.